ठोकल्यावर चालू झालेला पंप

"पण पंपच गेलाय, हे कशावरून म्हणतेस?"

हिंगमिरे बाईंनी विचारलं तेव्हा माझ्या एका हातात नव्या फ्युएल पंपाचं खोकं होतं आणि कडेवर जुई.

"बाई, स्टार्टर फिरतो, इंजिन पकडत नाही. जुनी व्हॅन. पंपच असणार."

"असणार?"

मी खोकं खाली ठेवलं.

बाईंनी मला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. वर्गात पहिली आले होते मी. हे इतरांना आठवत नाही, मला आठवतं. बाई आता निवृत्त. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जो येईल त्याला शिकवतात. मी शाळेच्या मुलांची ने-आण करते. सकाळी मुलं सोडून परतताना व्हॅन बाईंच्याच गल्लीत बंद पडली. ढकलत शेडमध्ये आणली, धावत जाऊन पंप आणला. बाराला शाळा सुटायची होती.

"बस आत. चावी नुसती ऑन कर. काय ऐकू येतं?"

जुईला मांडीवर घेऊन बसले.

"जुई, गप गं. शूऽ... ऐकू दे ना बाळा, एकच मिनिट, तो बघ काऊ आला, आईला ऐकू दे..."

"ती गप्पच आहे," बाई म्हणाल्या. "बोलतेयस तू."

खरंच की.

चावी ऑन केली की मागे टाकीत पंप क्षणभर गुणगुणतो. आज...

काहीच नाही.

"म्हणजे पंपच!"

"फ्यूज?"

पाहिला. ठीक होता.

"करंट?"

बाईंनी पंपाच्या प्लगला टेस्ट लॅम्प लावला. मी चावी फिरवली. दिवा पेटला. करंट पोचत होता, पंप हलत नव्हता.

मला आतून बरं वाटलं. माझा अंदाज बरोबर निघाला होता. असं फारसं होत नाही.

बाईंनी प्लग परत बसवला. रबरी हातोडी घेऊन व्हॅनखाली सरकल्या. टाकीच्या बुडाला ठक, ठक.

"मार स्टार्टर."

इंजिन धडधडलं.

"झाली!" मी ओरडले. "पंप चांगलाय बाई! कचराबिचरा अडकला असेल. निघते मी, शाळा सुटेल."

बाई हात पुसत उभ्या राहिल्या.

"आता नक्की झालं. पंप गेला."

"अहो, चालू आहे की!"

"ठोकल्यावर चालू झाला ना? म्हणूनच गेला. आतली मोटर झिजलीय, धक्क्याने सुटते, पुन्हा अडकणार. मघापर्यंत तूच तर म्हणत होतीस."

"आजच्या दिवस नेते. थांबली तर परत ठोकेन. तुमची हातोडी द्या."

"वाटेत काय काय लागतं?"

"काही नाही. बाजार... फाटक."

रेल्वेचं फाटक. व्हॅन रुळांवर उभी, आत मुलं, आणि मी टाकीखाली ठकठक करतेय. चित्र डोळ्यांपुढे आलं. मी ते बाजूला सारलं. पालकांना फोन करणं मला त्याहून अवघड वाटत होतं. 'बाईमाणूस व्हॅन चालवणार?' म्हणणारे आत्ता कुठे जरा गप्प झाले होते.

बाईंनी हातोडी माझ्या हातात दिली. मग वाकून जुईला मांडीवरून उचलून घेतलं.

"जा तर. ही राहील माझ्याजवळ."

"का? रोज असते की ती बरोबर."

जुईने त्यांच्या चष्म्याला हात घातला.

इंजिन चालू होतं. छान चालू होतं...

मी चावी काढली.

मग एकेका घरी फोन. "आज व्हॅन येत नाही. पंप गेलाय. मुलांना आणायला जाल का?" बहुतेकांनी बरं म्हटलं. एका मुलीचे बाबा म्हणाले, "तरी मी म्हणतच होतो." मी त्यांना "हो" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

फोन ठेवला.

"बाई, एक विचारू? मी थांबले ते कळलं म्हणून, की भ्याले म्हणून?"

बाईंनी जुईला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पान्याकडे बोट दाखवलं.

"पेट्रोलची टाकी उतरवायचीय. आधी बॅटरीची वायर सोडव," त्या म्हणाल्या. "ठिणगी असलं काही विचारत बसत नाही."