मेंढ्यांचा तिसरा हंगाम

माळावरच्या शाळेत मेंढ्यांनी पहिल्यांदा फुटबॉलचा संघ काढला, तेव्हाची गोष्ट. दोन वर्षं त्या प्रत्येक सामना हरल्या. चेंडू जिकडे जाई, तिकडे गोलकीपरसकट अकराही जणी घोळक्यानं धावत. तिसऱ्या वर्षी पहिल्या सामन्याआधी मुख्याध्यापक बोकडसरांनी बजावलं, "हाही सामना हरलात तर संघ बंद!"

जन्मभर कळप गोळा करणारा खंड्या कुत्रा त्यांचा प्रशिक्षक. तोच आता सामन्यात ओरडत होता, "पांगा गं, पांगा!"

"सर, लांडगा एकटीलाच गाठतो," काजळी मेंढी रडवेली होऊन म्हणाली. पण संघ मोडायची धास्ती त्याहून मोठी होती. ती दूरच्या कडेला जाऊन थरथरत उभी राहिली. चेंडू नेमका तिच्याकडे आला, तिनं तो लाथाडला आणि गोल झाला!

सगळ्या धावत येऊन तिला बिलगल्या. काजळी अजून कापतच होती. ती म्हणाली, "पुरे गं. आता पांगा."