पायाखालच्या जात्यांची कहाणी

बायांनो, आपल्या घरच्या जात्यावर मूठभर दाणे दळायला कुणाची परवानगी लागते का गं? नाही ना? मग हातात दाणे घ्या आणि जातेमाईची कहाणी ऐका.

सात समुद्रांपलीकडं, बर्फाच्या मुलखात, आटपाट एक गाव होतं. टेकडीवर जहागीरदाराची दगडी गढी, पायथ्याला कुळांच्या मातीच्या झोपड्या. आठवड्यातले तीन दिवस त्याच्या शेतात वेठ, उरलेल्या दिवसांत आपलं पोट. तिथं हेल्विस नावाची एक विधवा राहत होती. घरात म्हातारी सासू आणि एक लहान मुलगी. सासूनं तिला वसा दिला होता. "दर शनिवारी सकाळी न्हाऊन स्वच्छ व्हावं. जातेमाईला हात जोडावे. आपल्या हातानं मूठभर जव दळावेत. त्यातलं चिमूटभरही आपण खाऊ नये. दारी पहिलं येईल त्याला द्यावं, तू कोण म्हणून विचारू नये. चढू नये, रडू नये, हातचा वसा सोडू नये." हेल्विस तो नेमानं पाळीत असे.

पुढं काय झालं? जहागीरदारानं नदीवर पाणचक्की बांधली. साऱ्या गावानं तिथंच दळावं, सोळा मुठींतली एक त्याला द्यावी, असा हुकूम केला. बाया आपल्या घरीच दळत राहिल्या. त्याला राग आला. मग कारभारी घरोघर फिरला. सगळी जाती उचलली, गाडीत घातली, गढीवर नेली. जहागीरदारानं ती आपल्या दिवाणखान्याच्या जमिनीत बसवली आणि रोज त्यांवरून चालू लागला. म्हणाला, "आता दळा म्हणावं!"

हेल्विस रडू लागली. "सासूबाई, जातं गेलं, वसा मोडला." सासू म्हणाली, "अगं, जातं गेलं, हात गेले का? नदीवरून दोन धोंडे आण." मग तिनं धोंडे आणले. एकावर दाणे ठेवले, दुसऱ्यानं रगडले. तळहाताला फोड आले, पण मूठभर पीठ झालं.

पहिल्या शनिवारी दारी एक आंधळा आला, त्याला दिलं. दुसऱ्या शनिवारी एक महारोगी आला, त्याला दिलं. मग थंडी कडाडली. नदी गोठली, चक्कीचं चाक बर्फात रुतलं. कोठारं धान्यानं भरलेली, पण भाकर कुणाच्या चुलीवर नाही. गावात नाही, गढीतही नाही. लोक अख्खे दाणे शिजवून चावू लागले.

तिसऱ्या शनिवारी दारी कोण आलं? कारभारी आला. खाली मान घालून म्हणाला, "बाई, मालकीण बाळंतीण झाली, ताप हटत नाही. अख्खा दाणा तिच्या घशाखाली उतरत नाही. तुझ्या घरातून रगडल्याचा आवाज येतो. पेजेपुरतं पीठ दे."

मुलगी ओरडली, "आई, यानंच आपलं जातं नेलं! याला नको देऊस, चोरून दळतेस म्हणून तुलाच धरून नेईल!"

हेल्विसचा हात अडला. मग तिला सासूचा बोल आठवला. तू कोण म्हणून विचारू नये. तिनं मूठ त्याच्या ओंजळीत रिकामी केली.

गढीवर पेज झाली. पहिल्या घोटाला मालकिणीनं डोळे उघडले. दुसऱ्या घोटाला ती बोलली. तिसऱ्या घोटाला लेकरू जवळ घेतलं. मग जहागीरदारानं हेल्विसला बोलावलं. ती गढीवर गेली.

"हे पीठ कुठं दळलंस?"

तिनं फोड आलेले हात पुढं केले. त्यानं ते हात निरखले. मग म्हणाला, "बाई, काय हवं ते माग."

"सरकार, तुमच्या पायाखाली आहे ते द्या. माझ्या एकटीचं नको, साऱ्याजणींचं द्या."

कारभारी म्हणाला, "फरशी उकरायची? मग सरकारांनी चालायचं कशावर?"

आतून मालकीण म्हणाली, "मातीवर. सारा गाव चालतो तसं."

जहागीरदाराला हसू आलं. म्हणाला, "उद्या उकरा. जिचं दळण तिनं आपल्या घरी दळावं."

जशी जातेमाई हेल्विसला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. कुणाच्या घरचं जातं उपाशी न राहो. ही साठा दाण्यांची कहाणी पाच मुठींत दळून पुरी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या बाया गढीवर गेल्या, दगडांवरून हात फिरवून प्रत्येकीनं आपापलं जातं ओळखलं, आणि घरी नेलं.