तिसरा फोटो

सुलेमान मुजावर घड्याळं दुरुस्त करायचा. त्याला जन्मापासून हिमोफिलिया होता. रक्त वाहायला लागलं की लवकर थांबायचंच नाही. गुडघ्यात आतल्या आत रक्त साचायचं आणि गडी अंथरुणाला खिळायचा. त्यावरची इंजेक्शनं महागडी. गेली दोन वर्षं ती तात्यासाहेब डफळ्यांच्या संस्थेच्या मदतीतून मिळत होती.

यंदाचा अर्ज घेऊन सुलेमान ताठ चालत कचेरीत शिरला. तात्यासाहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अरे, तू तर चांगला ठणठणीत दिसतोस! आमची मदत आजारी माणसांसाठी असते. अर्ज नामंजूर."

सुलेमानने भिंतीकडे पाहिलं. तिथे मोठ्या चौकटीत दोन वर्षांपूर्वीचा तो स्वतःच होता, काखेत कुबड्या घेतलेला, आणि शेजारी चेक देताना हसणारे तात्यासाहेब.

"तुमचं म्हणणं मान्य आहे, साहेब," तो शांतपणे म्हणाला. "फक्त त्या फोटोशेजारी माझा आजचा फोटो लावा. पहिल्याखाली लिहा 'मदतीआधी', दुसऱ्याखाली 'मदतीनंतर'. आणि तिसऱ्या फोटोसाठी एक खिळा आत्ताच ठोकून ठेवा."

"तिसरा कसला?"

"मदत बंद केल्यानंतरचा. त्याला फोटोग्राफर बोलवायची गरज नाही, साहेब. पहिल्याचीच आणखी एक प्रत काढली की झालं."

कारकुनाने हसू दाबायला तोंडावर फाईल धरली. तात्यासाहेबांनी एकदा भिंतीकडे, एकदा सुलेमानच्या गुडघ्यांकडे पाहिलं, अर्ज पुढे ओढून सही ठोकली आणि कारकुनावर खेकसले,

"हसतोस काय? फोटोग्राफरला बोलव. आणि खिळा एकच ठोक!"