ऐंशी अश्वशक्तीचं इंजिन

फार वर्षांपूर्वी घाटाखालच्या गावात एक छोटी मोटार होती. तिचं इंजिन सदतीस अश्वशक्तीचं. चढावर मागच्या गाड्या हॉर्न वाजवत, म्हणून मालक जयवंतरावांनी ते काढून ऐंशी अश्वशक्तीचं बसवून घेतलं. बॉनेटपुढे नारळ फोडला. चाकांकडे कुणी पाहिलं नाही.

"आता कोण हॉर्न वाजवतं ते बघतो," नवं इंजिन म्हणालं.

"दादा, आम्ही जुनेच आहोत," चाकांतले ब्रेक हळूच म्हणाले. "एवढा वेग आम्हाला झेपेल का?"

"चढावर तुमचं काय काम? झोपा निवांत."

"चढ संपला की उतार येतो, दादा."

इंजिन हसलं. मालक लेकीला, रेवतीला, घेऊन निघाले. चढ कधी सरला ते कळलंही नाही. उतारावर मात्र गाडी भरधाव सुटली. ब्रेक दाबून दाबून जळका वास आला, तरी ती थांबेना. रेवतीने डोळे मिटून घेतले. शेवटी दरीच्या कठड्याला घासत गाडी कशीबशी थांबली.

रेवती उतरली. इंजिनाला वाटलं, ती आपल्याकडे येईल. ती धुमसणाऱ्या चाकाशी बसली. "बाबा, हे किती तापलंय."

"इंजिन बदलताना या ब्रेकांचा विचारच केला नाही गं," जयवंतराव म्हणाले.