मुकी झालेली तांबट आळी

श्रीभालनाथ महाराज ताम्हणगावच्या तांबट आळीत, मारुतीच्या पारावर मुक्कामाला होते, तेव्हाची ही गोष्ट. आळीत दिवसभर तांब्यावर हातोड्या पडत. नवख्याचे डोके उठे, महाराज मात्र त्या ठोक्यांतच सुखाने जप करीत.

आळीत गंगाधरशेटांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांची सून सुंदरा महाराजांची भक्त. पोटुशी असताना ती नवऱ्याच्या ऐरणीजवळ बसून ठोक्यागणिक "दत्त, दत्त" म्हणे. शेट हसत, "देव काय हातोडीत बसलाय?"

सुंदराला मुलगा झाला. सोयरात घरची हातोडी उचलायची नाही, हा त्यांच्या कुळाचा नियम. शेटांनी त्यावरही कडी केली. नातवाची झोपमोड नको म्हणून अख्ख्या आळीलाच हातोड्या खाली ठेवायला लावल्या. कौतुकच ते!

पण बाळ काही निजेना. डोळा लागतो न लागतो तोच दचके, हात फेकी आणि किंचाळत उठे. दृष्ट काढली, अंगारा लावला, वैद्य झाले. घरची माणसे येरझाऱ्या घालून थकली. आठव्या दिवशी बाळाने दूधही सोडले. सुंदराच्या काळजाचे पाणी पाणी झाले.

भर दुपारी ती बाळंतिणीच्या खोलीतूनच म्हणाली, "मामंजी, पाया पडते, महाराजांना बोलवा."

"वैद्य हरले, तिथे तुझा गोसावी काय दिवे लावणार?" शेट खेकसले.

तोच महाराज ओसरीवर उभे! म्हणाले, "शेट, आळी मुकी का झाली?"

"पोराला झोप लागावी म्हणून."

"अहो, नऊ महिने ज्या आवाजात ते निजलं, तोच तुम्ही हिरावलात! शांततेलाच भितंय ते. एक हातोडी चालू द्या."

"सोयरात? वाडवडिलांचा नियम मोडून? जमायचं नाही!"

आत बाळाचे रडणेही क्षीण होत चालले होते. "मामंजी, माझं लेकरू जातंय हो!" सुंदराने टाहो फोडला. पण शेटांची मान हलेना. अभिमान मोठा वाईट!

महाराजांनी डोळे मिटले. "मग ज्याला सोयर ना सुतक, तोच हातोडी उचलेल."

आणि काय सांगावे! परसातल्या कुलूपबंद कारखान्यातून आवाज आला. ठण्, ठण्, ठण्! बाळाचा हुंदका अडला, मुठी सुटल्या. ते आईला बिलगून चुटूचुटू दूध पिऊ लागले.

शेट किल्ली घेऊन धावले. दार उघडताच आवाज थांबला. आत कोणी नव्हते. हातोडी खुंटीला, तिच्यावर आठ दिवसांची धूळ. पण अर्धवट राहिलेली घागर काठापर्यंत ठोकून पुरी झाली होती, तांबे अजून कोमट होते. शेटांनी तिच्यावरून बोट फिरवले. एकही ठोका तिरका नव्हता. असा हात माणसाचा नसतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक?

इकडे बाळ पुन्हा दचकून रडले. शेटांनी एक क्षणही विचार केला नाही. खुंटीवरची हातोडी ओढली आणि ठोके घालू लागले. डोळ्यांना धार, तोंडी "दत्त, दत्त". ते ऐकून शेजारची हातोडी वाजली, मग पुढची, मग सारी आळी. त्या कल्लोळात बाळ गाढ झोपी गेले.

शेट परतून, सुनेच्या खोलीच्या दाराशी उभ्या असलेल्या महाराजांच्या पायांवर वाकले. महाराज हसत बाजूला सरले, म्हणाले, "इथे नाही. नाम हिचं होतं." आणि शेटांचे कपाळ टेकले ते बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर.