कोमट कणगी

ही गोष्ट फार जुन्या काळची. किती जुन्या ते विचारू नका, मला सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं.

तेव्हा एका उंच डोंगरावर एक गाव होतं. गावात यायला एकच खिंड. हिवाळा लागला की खिंड बर्फानं बुजायची, आणि मग चार महिने ना कुणी वर यायचं, ना कुणी खाली जायचं. घरात जे साठवलं असेल तेवढ्यावरच दिवस काढायचे. म्हणून त्या गावात कणगीला फार मान. कणगी म्हणजे बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली पुरुषभर उंच कोठी. वरून भात भरायचं आणि तोंड लिंपून टाकायचं. खाली मूठभर भोक ठेवायचं, त्यात चिंध्यांचा बोळा. रोज बोळा काढायचा, लागेल तेवढं भात घ्यायचं आणि पुन्हा बोळा बसवायचा.

गावाचा दंडकही होता. भाताला तीन कडक उन्हं दाखवायची आणि मग ठकूबाईला बोलवायचं. ठकूबाई गावातली सगळ्यांत म्हातारी. तोंडात दात उरले होते चार, पण चारही कामाचे! ती एक दाणा दाताखाली धरायची. कट्ट वाजलं की मान हलवायची. नाही वाजलं तर म्हणायची, "ओलं आहे ग बाई, अजून वाळव."

याच गावात भिवरा राहायची. नवरा सदबा, दोन लहान मुली आणि भिवरा, एवढंच घर. मागल्या साली हिवाळा पंधरा दिवस लांबला होता. तेव्हा तिनं मुलींच्या पेजेत रोज थोडं थोडं पाणी वाढवलं होतं. शेवटी शेवटी तर वाटीत पाणीच उरलं होतं. धाकटीनं विचारलं होतं, "आई, यात भात कुठं आहे?" तो प्रश्न भिवराच्या काळजात रुतून बसला होता. यंदा तिची कणगी पाऊण भरली, ठकूबाईनं दाणाही चावून दिला, तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

खिंड बुजायच्या आदल्या दिवशी एक व्यापारी बैल घेऊन मागल्या दारी आला. हळूच म्हणाला, "वहिनी, एका पोत्याच्या भावात दोन पोती देतो. पण कुणाजवळ बोलू नका हं. एवढ्या स्वस्तात फक्त तुम्हालाच देतोय."

भिवरानं पोत्यात हात घातला. दाणा दाताखाली धरला. तो वाजला नाही, नुसता दबला.

तिला कळलं, बरं का! कळलं नाही असं नाही. पण आभाळ गच्च भरलं होतं, वाळवायला ऊन नव्हतं, आणि धाकटीचा तो प्रश्न कानात घुमत होता. "वाऱ्यात ऐकू आलं नसेल," असं तिनं स्वतःलाच सांगितलं. चार पोती घेतली, चांगल्या भातावर ओतली आणि तोंड लिंपून टाकलं. सदबा तेव्हा लाकडं आणायला गेला होता.

संध्याकाळी ठकूबाई काठी टेकत आली. कणगीचं ओलं लिंपण बघून तिनं विचारलं, "वर काही ओतलंस का ग?"

"छे! काही नाही," भिवरा म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी खिंड बुजली.

महिनाभर सगळं ठीक होतं. खालच्या भोकातून कोरडं, खणखणीत भात येत होतं. मग एका सकाळी थोरली ओरडली, "आई, इकडं ये! आपली कणगी बघ कशी छान ऊबदार आहे!" ती बाकावर चढून कणगीच्या वरच्या अंगाला गाल टेकून उभी होती. मांजरही वर जाऊन अंगाचं मुटकुळं करून बसलं होतं.

भिवरानं वर हात लावून पाहिला. बाहेर पाणी गोठत होतं आणि घरात भात तापत होतं. आत काहीतरी कुजत होतं, आणि वरून खाली येत होतं.

त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. सदबा बाहेर गेला की ती कणगीला तळहात लावायची. कालच्यापेक्षा ऊब आज चार बोटं खाली. दोन दिवसांनी एक वीत. खालचं भात अजून थंड होतं, चांगलं होतं. तोंड फोडून वरचं काढून टाकलं असतं तर खालचं वाचलं असतं. पण तोंड फोडायचं म्हणजे सदबाला सांगायचं, ठकूबाईशी खोटं बोलले हे कबूल करायचं. लोक काय म्हणतील? हावरी म्हणतील, लबाड म्हणतील. "उद्या बघू," असं म्हणत म्हणत तिनं आठ दिवस घालवले. ऊब मात्र एक दिवस थांबली नाही.

"पोरी सारख्या कणगीला का चिकटतात ग?" सदबानं विचारलं.

"थंडी किती आहे बघा ना," ती म्हणाली आणि चुलीकडं तोंड फिरवलं.

नवव्या दिवशी दुपारी उंदीर बिळातून बाहेर आला. मागं त्याचं सगळं बिऱ्हाड.

"येतो बाई," उंदीर म्हणाला. "तुझ्या घरचं भात आता आम्हालासुद्धा खाववत नाही. शेजारीपाजारीही हिंडून आलो. कुठं जावं तेच समजेना."

भिवरानं त्यातलं अर्धंच ऐकलं. उंदीर घर सोडून चालला! ती धावत कणगीपाशी गेली. ऊब बोळ्याच्या वर दोनच विती होती. मागं धाकटी वाटी घेऊन उभी होती. "आई, पेज झाली?"

मग मात्र भिवरा थांबली नाही. पायात वहाणासुद्धा न घालता ती विहिरीवर गेली. बायका पाणी भरत होत्या, ठकूबाई कट्ट्यावर बसली होती. भिवरा रडत म्हणाली, "आजी, मी खोटं बोलले. स्वस्त मिळालं म्हणून ओलं भात वर ओतलं. कणगी तापलीय. माझ्या पोरी उपाशी मरतील ग!"

कुणी हसलं नाही. राहाट थांबला.

मग शेजारीण हलकेच म्हणाली, "आमचीही तापलीय."

"माझीसुद्धा," दुसरी म्हणाली. "मला वाटलं, त्यानं फक्त मलाच दिलं."

तिसरीनंही होकाराची मान हलवली. घरोघरी तीच कणगी, तीच ऊब, आणि घरोघरी तेच खोटं! एकटी पाटलीणबाई तेवढी घागर उचलत म्हणाली, "आमच्याकडं सगळं व्यवस्थित आहे बाई."

ठकूबाई काठी आपटत उठली. "रडायचं नंतर. आधी कणग्या फोडा!"

भिवरानं घरी येऊन सदबाला सगळं सांगितलं. त्यानं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि कुऱ्हाड आणली. वरचं भात काळं, गोळे झालेलं, आंबूस वासाचं. ते उकिरड्यावर गेलं. मधलं नुसतं तापलेलं होतं. ते भाजून, कांडून गावानं पोहे केले. तळाचं चांगलं निघालं. सगळ्यांनी ते एकत्र मोजलं आणि वाटून घेतलं. हिवाळा अर्धपोटी गेला, पण गेला.

पाटलांची कणगी कुणी उघडली नाही. माघात एके दिवशी त्यांच्या कणगीच्या भोकातून काळी भुकटी आली. पाटलीणबाई पदराखाली सूप लपवून भिवराच्या दारात उभी राहिली. भिवरानं काही विचारलं नाही, आपल्या वाट्यातले दोन मुठी पोहे तिच्या सुपात घातले. त्या दिवशी तिच्या मुली एक वेळ कमी जेवल्या.

तेव्हापासून त्या गावात ठकूबाईचा दाणा तर वाजतोच, पण भर हिवाळ्यात शेजारीण शेजारणीच्या घरी जाते आणि न विचारता कणगीला तळहात लावून बघते. कुणाला राग येत नाही.

बाळांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, एवढं लक्षात ठेवा: झाकलेली चूक आतल्या आत वाढत जाते, आणि उघड केली की तिथंच थांबते.