परक्या हाकेला ओ

कोणे एके काळी समुद्रातल्या एका बेटावर सुरय पक्षी हजारोंनी पिलं वाढवत. म्हातारा खेकडा पाहुण्यांना बेट दाखवी. एकदा नुकतंच पिलू गमावलेली बगळी तिथं आली.

"माझ्यामागून सरळ चाला," तिरका चालत खेकडा म्हणाला. "आणि गप्प राहा. इथं आई फक्त आपल्याच पिलाला ओ देते."

त्या कलकलाटात बगळी गोंधळली. प्रत्येक हाक तिला आपल्याच पिलाची वाटे. वाटेत एक पिलू एकटंच ओरडत होतं.

"याची आई परवापासून परतली नाही," खेकडा म्हणाला.

"ओ!" बगळीच्या तोंडून निघून गेलं.

"अहो बगळीबाई, ते तुमचं नव्हे!"

"मला काहीच कळेनासं झालंय, खेकडेबुवा," त्या पिलाशेजारी बसत बगळी म्हणाली. "एवढंच सांगा, इथं मासळी कुठं मिळते?"